विचारलं तेवढंच

यशोधनच्या घरात दोन माणसं सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत अखंड बोलत असत, आणि त्यातलं एक अक्षरही पद्माकररावांसाठी नसे. मुलगा वरच्या खोलीत, सून खाली जेवणाच्या टेबलाशी. मुलगा खाडीपलीकडच्या औषधांच्या कारखान्याचं कसलंसं सॉफ्टवेअर सांभाळायचा. सून मुक्ता, तिचं ऑफिस डब्लिनजवळ चेरीवूडला. पूर्वी ती आठवड्यातले चार दिवस तिकडेच राहायची, आता ऑफिसच तिच्या टेबलावर येऊन बसलं होतं. पद्माकररावांच्या हातून चहाचं भांडं जरा आपटलं की दोन्हीकडून एकदम "बाबा, कॉल चालू आहे!" असं यायचं. बहात्तर वर्षांचा माणूस पायात लोकरीचे मोजे घालून पोटच्या पोराच्या घरात चोरासारखा वावरत होता.

आले होते तीन महिन्यांसाठी, २०२०च्या फेब्रुवारीत, मे महिन्याचं परतीचं तिकीट खिशात घेऊन. मार्चमध्ये विमानं बंद झाली. पुढे सुरू झाली तेव्हा साताऱ्यात घरोघरी माणसं आजारी होती. "तिथे जाऊन करणार काय बाबा, एकटेच तर आहात," असं यशोधन म्हणाला. ते खोटं नव्हतं. बायकोला, लीलावतीबाईंना, जाऊन तीन वर्षं झाली होती. पण इथे ते एकटे नाहीत असं कुणी त्यांना सांगितलं असतं, तर ते मात्र खोटं ठरलं असतं.

नोकरी त्यांची फौजेतली, पण बंदूक कधी हातात धरली नाही. छावणीतल्या एका रेकॉर्ड ऑफिसात छत्तीस वर्षं. लागले कारकून म्हणून, सुटले हेडक्लार्क होऊन. जवान भरती झाला की त्याचा कागद उघडायचा आणि तो मेला, सुटला किंवा पळाला की मिटायचा. मधलं सगळं, म्हणजे लग्न, पोरं, शिक्षा, पदक, मोडलेला हात, त्या कागदावर. हजारो माणसांचं जगणं-मरणं त्यांच्या हाताखालून गेलं आणि त्यातला एकही माणूस त्यांनी डोळ्यांनी पाहिला नाही. याचा त्यांना उलट अभिमानच होता. माणूस समोर आला की रडतो, कागद रडत नाही, असं ते नव्या कारकुनांना सांगायचे, आणि नवे कारकून माना डोलवायचे, कारण त्यांना बढती हवी असायची.

गाव कॉर्कच्या बंदराच्या तोंडाशी. मागच्या बागेतून टेकडीच्या टोकावरचा किल्ला दिसायचा. साताऱ्याच्या माणसाला किल्ला म्हटलं की डोळ्यांसमोर अजिंक्यतारा येतो. हे तसलं काही नव्हतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रजांनी बंदर राखण्यासाठी टेकडी पोखरून बांधलेला, बाहेरून बघावं तर नुसता गवताचा उंचवटा. आत म्हणे खोल खंदक, तोफांचे चबुतरे आणि दारूगोळ्यासाठी विटांची भुयारं. टाळेबंदीत घरापासून पाच किलोमीटरपर्यंतच फिरायची मुभा होती, त्या नियमात तो बसत होता, म्हणून पद्माकरराव रोज त्याच्या फाटकापर्यंत चालत जायचे, टाळेबंदीचं कुलूप बघायचे आणि परत यायचे. कुलूप रोज जागेवरच असायचं. पण कुठेतरी जाऊन आल्यासारखं वाटायचं, आणि घरी परतल्यावर "कुठे गेला होता?" असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं. कुणी विचारत नसे.

बोलणारं एकच माणूस होतं, ते भिंतीपलीकडे. ब्रीडा ट्वोमी, वय ब्याऐंशी, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दोन बागांच्या मध्ये कमरेएवढी दगडी भिंत होती. पहिल्या टाळेबंदीत, एप्रिलमध्ये, ती दोरीवर चादरी घालत असताना तिने यांना पाहिलं आणि म्हणाली, "तू त्या पोराचा बाप ना? आज कपडे ग्रँड वाळतील बघ." आभाळ अगदी बोटाने टोचलं तर गळेल असं भरलं होतं. पद्माकररावांनी आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि शपथेवर सांगावं तसं "येस मॅडम" म्हणाले. तिथून ओळख झाली. 'पद्माकर' तिच्या तोंडात मावेना, म्हणून तिने त्यांचा 'पॅडी' केला आणि त्यावर आपली आपणच खूप हसली. इंग्रज लोक कुठल्याही आयरिश माणसाला चिडवून 'पॅडी' म्हणतात, हे यशोधनने सांगेपर्यंत यांना कळलं नाही.

पद्माकररावांचं इंग्रजी सगळं फायलींतलं. एकदा तिने भिंतीवर बटाट्यांची पिशवी ठेवली, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "आपले बटाटे कालच्या तारखेस मिळाले, पोच देत आहे." ब्रीडाला ते फार आवडलं. तेव्हापासून तिने काहीही दिलं की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "हं, पोच?"

नोव्हेंबरमध्ये तिने पावाच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुडकं भिंतीवर ठेवलं. तिच्या आजोबांचे फौजेतले कागद. बॉस्टनच्या भाच्याने कुठल्याशा दप्तरखान्यातून नकला मिळवून तिला पाठवल्या होत्या. गेले वर्षभर त्या तिच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, पडून होत्या. अक्षर जुनं, त्यात फौजेचे आखूड-आखूड संक्षेप, आणि हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू.

"तू असल्या कागदांतच जन्म काढलास म्हणतोस," ती म्हणाली. "मग वाच की."

आजोबांचं नाव जेरेमाया लूसी. तोफखान्यात गनर. या समोरच्याच किल्ल्यावर त्यांची कंपनी होती. गावातल्या मुलीशी लग्न केलं, मुलगा झाला, म्हणजे ब्रीडाचा बाप. पोर चार महिन्यांचं असताना, १८९३च्या फेब्रुवारीत, गनर लूसी एका रात्री किल्ल्याच्या फाटकातून बाहेर पडला तो परत कुणाला दिसला नाही. बायको पुढे चाळीसेक वर्षं किल्ल्यातल्या शिपायांचे कपडे धूत राहिली. नवी कंपनी आली की प्रत्येकाला नवऱ्याचं नाव सांगून तो कुठे दिसला का विचारायची. कुणालाच माहीत नसायचं. ब्रीडाच्या बापावर 'पळपुट्याचं पोर' हा शिक्का जन्मभर राहिला, आणि त्याने मरताना बजावून ठेवलं होतं की आपल्या घराण्याच्या थडग्यावर त्या माणसाचं एक अक्षरही कोरायचं नाही.

सगळ्यांनी यातून काय समजायचं ते समजून घेतलं होतं. फक्त ब्रीडाला कधी ते पूर्ण पटलं नव्हतं. ज्या बाईला टाकलं, ती बाई चाळीस वर्षं टाकणाऱ्याचं नाव विचारत बसते का, असं तिचं म्हणणं. आजी गेली तेव्हा ब्रीडा आठ-नऊ वर्षांची होती. तिला तिचे साबणाने भेगाळलेले हात आठवत होते.

पद्माकररावांनी पुडकं उघडण्यापूर्वी मुक्ताच्या आग्रहाखातर ते तीन दिवस बाहेरच्या शेडमध्ये ठेवलं, विषाणू मरावेत म्हणून. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागदांच्या नकलांना विलगीकरणात टाकणारं आपलं हे घर बघून त्यांना हसू आलं, पण नियम तो नियम. चौथ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला, भिंग काढलं, आणि त्या क्षणापासून तो माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. आठ पानं होती. इंग्रजांनीच तर हे सगळं आपल्याला शिकवलेलं! तेच रकाने, तोच क्रम. भरतीचा कागद, वर्तणुकीचा तक्ता, वैद्यकीय इतिहास. शाई फिकट, तरी त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. सकाळी उठावं, दाढी करावी, इस्त्रीचा शर्ट घालावा आणि खिडकीशी जाऊन बसावं. यशोधन मुक्ताला म्हणाला, "बाबांना नोकरी लागली."

रोज अकराला ब्रीडा भिंतीशी यायची आणि एखादी बारीकशी गोष्ट विचारायची. उंची किती? पाच फूट सात इंच. डोळे? करडे. "माझ्या बापाचेही करडेच," ती म्हणायची आणि तेवढ्यावर दिवस काढायची. आजोबांच्या डाव्या करंगळीचं टोक नव्हतं हे कळलं त्या दिवशी तर तिने यांना फ्रूटकेक दिला. मोठा प्रश्न मात्र ती विचारत नव्हती. तो विचारायची तिला भीती वाटते आहे हे कुणाही शहाण्याला कळलं असतं. पद्माकरराव शहाणेच होते, पण फायलीत.

जानेवारीत तिसरी टाळेबंदी लागली. दिवस साडेचारला संपत होता, रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. अशातच एक दिवस ब्रीडा कोट घालून भिंतीशी आली. वारा असा की चार शब्दांतले दोन उडून जात होते.

"थडग्याच्या दगडाची अक्षरं पुसली आहेत, पॅडी," ती म्हणाली. "कारागीर म्हणतो, टाळेबंदी उठली की येतो, पण काय कोरायचं ते फेब्रुवारीअखेर कळव. परत असा खर्च करायला मी उरणार नाही. आजोबांचं नाव घालायचं की नाही, मला एकदाच काय ते ठरवायचंय. तू एवढंच सांग. तो पळाला होता की नव्हता?"

पद्माकररावांनी मान डोलवली आणि ते आत गेले. आता हे असं वाऱ्यात ओरडून सांगायचं काम नव्हतं. एका बाईने रीतसर विचारणा केली होती, तिला रीतसर उत्तर मिळालं पाहिजे. त्यांनी रविवारी मुक्ताचा लॅपटॉप मागून घेतला आणि एका बोटाने दोन तास टाइप केलं. इंग्रजीत जे लिहिलं ते असं होतं:

"विषय: गनर जेरेमाया लूसी यांची सेवा. संदर्भ: आपली तोंडी विचारणा, चालू महिना. १. उपरोक्त संदर्भान्वये कळविण्यात येते की, सदर गनर दिनांक ११ फेब्रुवारी १८९३ रोजी किल्ल्यावरून फरारी झाल्याची नोंद त्यांच्या सेवापत्रकात आहे. २. हे आपल्या माहितीस्तव."

खाली सवयीने 'प्रभारी अधिकाऱ्यांकरिता' असं लिहिलं गेलं, ते खोडलं आणि नुसती सही केली. मसुदा दोनदा वाचला. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. त्यांच्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं की विचारलं तेवढंच सांगावं. जास्त सांगितलं की त्या पत्राला पत्र येतं आणि फाइल कधी मिटत नाही. एक प्रत तिच्या दाराच्या फटीतून आत सारली, एक स्वतःच्या दप्तरात लावली, आणि खूप दिवसांनी चांगलं काम झाल्याच्या समाधानात दुपारची झोप काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या खिडकीतून त्यांना ब्रीडा दिसली. तिच्या काचेच्या पडवीत ती उभी होती, हातात तो कागद. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला. चष्मा काढला, पदराला पुसावा तसा स्वेटरला पुसला, परत वाचला. मग कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली, पुन्हा घातली, आणि आता आणखी घडी पडेना तेव्हा मूठ मिटून ती आत गेली. छत्तीस वर्षांत त्यांनी असली किती पत्रं रवाना केली असतील. ते उघडणारं माणूस त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं होतं.

अकराला ती भिंतीशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मंगळवारी तिचा कचऱ्याचा डबा हे बाहेर नेऊन ठेवायचे. त्या मंगळवारी गेले तर तो आधीच बाहेर होता. एवढ्या थंडीत, एवढा जड डबा, ब्याऐंशीच्या बाईने अंधारात ढकलत नेला होता, केवळ यांची गाठ पडू नये म्हणून. पहिल्यांदा त्यांना राग आला. कामापुरता मामा! दोन महिने डोळे फोडून कागद वाचले, त्याची ही पोच? मी का पळालो होतो किल्ल्यावरून? असं ते मनाशी पुटपुटत फाटकापर्यंत जायचे, कुलूप बघायचे, परत यायचे. मग राग ओसरला आणि नुसती पोकळी उरली. अकरा वाजले की त्यांचे पाय आपोआप मागच्या दाराकडे वळायचे. ओट्यावरून भिंतीकडे बघत ते चहा प्यायचे. चादरी दोरीवर येत नव्हत्या. सरळ सांगायचं तर ते त्या बाईसाठी झुरत होते, आणि या वयात, परक्या देशात, शेजारणीसाठी झुरणं कुणाला सांगायचं? कळलं असतं तर यशोधनने डॉक्टर शोधला असता.

फेब्रुवारी सरत आला. एका शनिवारी मुक्ता भाजी चिरता चिरता म्हणाली, "बाबा, ब्रीडा बऱ्या आहेत ना? दुकानात भेटल्या. मी तुमचं नाव काढलं तर म्हणाल्या, कारागिराला नाही म्हणून कळवलंय, आणि गेल्याच लगेच. काय झालं?"

पद्माकररावांनी उत्तर म्हणून दप्तरातली प्रत आणून तिच्यापुढे ठेवली. मुक्ताने वाचली. सुरी खाली ठेवली.

"हे तुम्ही त्यांना दिलंत?"

"त्यांनीच विचारलं होतं. पळाला की नाही. भगोडाच होता, रेकॉर्डला आहे. मी काय खोटं लिहू?"

"खोटं नका हो लिहू. पण मग पुढे काय झालं त्या माणसाचं?"

"पुढे काय, नवव्या दिवशी हजर झाला. कॉर्कच्या बराकीत, आपण होऊन. कोर्टमार्शल झालं, चौऱ्याऐंशी दिवस कैद, मग दुसऱ्या कंपनीत घालून माल्टाला पाठवला. तिथे तीन वर्षं. छाती बिघडली म्हणून इंग्लंडातल्या फौजी इस्पितळात आणला. सुटकेचे कागद तयार झाले, पण सुटायच्या आधीच सहा दिवसांत वारला. लाल शाईत नोंद आहे."

"आणि बायकोला कळवलं नाही कुणी?"

"बायको कुठे होती? कमांडिंग अफसरची परवानगी न घेता लग्न केलेलं. कागदावर तो अविवाहित. वारस म्हणून बापाचं नाव आहे, कुठल्या तरी दूरच्या गावचा. पत्र गेलं असेल तर तिकडे गेलं." त्यांचं बोट नकळत हवेत रकाने मोजत होतं. "सुटकेच्या कागदात शेवटचा एक रकाना असतो, सुटल्यावर कुठे राहणार म्हणून. तिथे या गावाचं नाव आहे. गल्लीसकट. ही आपलीच गल्ली."

"हे सगळं तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय, कागदातच आहे."

"मग लिहिलं का नाही?"

"विचारलं नव्हतं."

हे शब्द त्यांनी आयुष्यात हजारदा उच्चारले असतील, पण स्वतःच्या कानांनी ऐकले ते आज. भिंतीपलीकडे एक म्हातारी महिनाभर त्या घडी घातलेल्या कागदाबरोबर एकटी बसली होती, आणि तिचा आजोबा घरीच यायला निघाला होता हे यांच्या टेबलाच्या खणात होतं. त्यांनी कोट चढवला, मफलर विसरले, शेवटचं पान घेतलं आणि निघाले. भिंत ओलांडणं जमण्यासारखं नव्हतं. रस्त्याने वळसा घालून ते तिच्या पुढच्या दाराशी गेले. इतके महिने भिंतीवरून बोललेल्या बाईचं पुढचं दार त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

घंटा वाजवून ते दोन मीटर मागे सरले. दार उघडायला बराच वेळ लागला. ब्रीडा बारीक झाली होती. तिने यांना पाहिलं आणि दार लोटून घेणार तोच हे मास्कमधून ओरडले, "तो परत आला होता!"

"कोण?"

"तुमचा आजोबा. नऊ दिवसांनी. कुणी पकडून आणला नाही. स्वतः आला."

दार जिथे होतं तिथे थांबलं. पद्माकररावांनी कागद वर धरला, पण श्वासाने चष्म्यावर वाफ धरली होती, एक अक्षर दिसेना. दिसायची गरजही नव्हती. नऊ दिवस, कैद, माल्टा, छाती, इस्पितळ, सगळं त्यांनी तोंडपाठ सांगितलं. इंग्रजी अडखळत होतं, क्रियापदं मागे पडत होती. शेवटच्या रकान्याशी येऊन ते थांबले आणि गल्लीचं नाव त्यांनी सावकाश उच्चारलं.

ब्रीडाने चौकटीला धरलं.

"हे त्याने लिहिलं?"

"कारकून विचारतो, शिपाई सांगतो, कारकून लिहितो."

"म्हणजे त्याला कुणीतरी विचारलं होतं."

"हो."

"आणि तो म्हणाला, इथे."

"हो."

ती रडली. मोठ्याने नाही, पण तोंड न लपवता, उभ्या उभ्या. दोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला पुढे होऊन खांद्यावर हात ठेवायची बंदी होती, आणि बंदी नसती तरी पद्माकररावांना ते जमलं असतं का कुणास ठाऊक. ते आपले कागद धरून उभे राहिले. ते नऊ दिवस तो कुठे होता, असं तिने मध्येच विचारलं. कागदात नाही, असं त्यांनी सांगितलं. आजीला कुणी का कळवलं नाही, हेही विचारलं. तेही त्यांनी सांगितलं. कागदावर ती नव्हतीच.

"उद्या फोन करते कारागिराला," ती अखेर नाक पुसत म्हणाली. "माझ्या बापाच्या वर घालते त्याला. बापाला राग आला तर येऊ दे, भेटल्यावर बघून घेईन." मग तिने यांच्याकडे नीट पाहिलं, भिंतीवरून बघायची तसं नाही. "जानेवारीत तुला हे ठाऊक होतं?"

"हो."

"पॅडी, असली पत्रं तू किती लिहिलीस रे, जन्मभरात?"

एरवी हा त्यांच्या आवडीचा प्रश्न. रोजची बारा-पंधरा, छत्तीस वर्षं, करा हिशोब, असं ते साताऱ्यात पाहुण्यांना सांगायचे. आज त्यांनी नुसतं "पुष्कळ" म्हटलं.

"आणि त्यांच्याही कागदांत पुढे काही असायचं?"

"सगळ्यांच्या नाही."

"पण काहींच्या."

"काहींच्या."

"एक सांग," ब्रीडा म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण दार लावण्याची घाईही नव्हती.

आणि पद्माकररावांनी सांगितलं. लीलावतीबाईंनाही कधी न सांगितलेलं. शिपाई रवींद्र, पाटण तालुक्यातला. १९८४ साली रजा संपवून पलटणीकडे निघाला तो पोचलाच नाही. महिन्याने भगोडा म्हणून नोंद झाली. त्याच्या आईचं पोस्टकार्ड आलं: माझा मुलगा पळाला म्हणतात, हो की नाही एवढं कळवावे. यांनी कळवलं, हो. आठ महिन्यांनी दुसरा कागद आला. पोरगा रेल्वेतच तापाने बेशुद्ध झाला होता, मध्येच कुठल्या तरी स्टेशनवर लोकांनी उतरवून इस्पितळात टाकला होता आणि तिथे तो बेवारशी म्हणून मेला होता. ट्रंकेवरच्या नंबरावरून उशिरा पत्ता लागला. पळाल्याची नोंद रद्द झाली. घरी कळवायचं काम पलटणीचं. पलटणीला वाटलं ऑफिसचं. 'घरी कळवले' हा रकाना कोरा होता. यांनी तो पाहिला होता. आईचं दुसरं पोस्टकार्ड आलं नव्हतं, आणि ते टेबल यांचं नव्हतं, म्हणून त्यांनी फाइल जागेवर ठेवली.

वारा पडला होता. खालच्या बंदरातून एक मालवाहू जहाज किल्ल्याला वळसा घालून बाहेर जात होतं.

"तिचं नाव काय होतं?" ब्रीडाने विचारलं.

पोस्टकार्ड पद्माकररावांना समोर धरल्यासारखं दिसत होतं. जांभळी शाई, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं अक्षर, आणि खाली तिने स्वतः केलेली सही, वाकडीतिकडी, एकेक अक्षर सुटं. ती सही काही केल्या त्यांना वाचता येईना.

"त्याचा नंबर सांगतो," ते म्हणाले, आणि सगळे आकडे त्यांनी एका दमात म्हणून दाखवले. ब्रीडा दारात तशीच उभी होती, नावाची वाट बघत.